उत्तरेचा बाण

पाचवं चाक हे चाक नसतंच.
खाच असलेली लोखंडी थाळी, वर ग्रीसचा थर,
ट्रेलरचा खुंटा तिच्यात जाऊन बसतो
आणि खट्‌ होतं.
हे मला सांगितलं भालेरावांनी, रात्रपाळीच्या वॉचमननी.
तोवर माझी अशी अकरा घरं काढून झाली होती.

भोसरीत, पत्र्याच्या शेडमध्ये, माळ्यावर माझं टेबल.
मी मिलिमीटरमध्ये काढते
ते खाली नौशाद मिस्त्री प्लायवूडमध्ये उभं करतात.

कॅनडाच्या घराला पोट झाकून लागतं.
सांडपाण्याची टाकीसुद्धा उबेत ठेवायची, बाळंतिणीसारखी.
उणे तीसला नळ गोठतो, असं मी टीपेत लिहिते
तेव्हा डोक्यावर पंखा गरगरत असतो
आणि मानेवरून घाम.

ऑस्ट्रेलियाला धुळीची धास्ती.
लाल धूळ, पिठासारखी, बिजागरीतून शिरणारी.
तिथे छपराला एक झडप द्यायची,
चालत्या गाडीत वारा आत कोंबायचा,
म्हणजे आतली हवाच धुळीला फटीतून बाहेर ढकलते.
मोशीला आमच्या स्वयंपाकघराला हेच हवं होतं,
पण आमचं घर ताशी शंभरनं जात नाही.

शिवाय तिथे दार डावीकडे.
म्हणून अमेरिकेचं घर उचलायचं आणि आरशात घालायचं:
शेगडी इकडची तिकडे, सोफा तिकडचा इकडे.
माणूस तेवढा आरशात जात नाही,
तो फ्रीज उजव्या हातानंच उघडायला बघतो
आणि कोपर भिंतीवर आपटतं.

मुळीक साहेबांचा एकच प्रश्न. किती किलो?
कपाट दाखवा, किती किलो. आरसा दाखवा, किती किलो.
एकूण वजनाचा पाचवा हिस्सा पुढे टेकला पाहिजे,
नाहीतर शेपूट हलते.

मला जुनी खोड आहे.
आधी नऊ वर्षं वाकडला सोसायट्यांचे नकाशे काढले,
त्यामुळे कागदाच्या वरच्या कोपऱ्यात
हात आपोआप उत्तरेचा बाण काढतो.
साहेब लाल पेनानं खोडतात.
"अहो मृदगंधा, घराला चाकं आहेत."

जानेवारीत ऑस्ट्रेलियाचा नमुना उभा राहिला.
भिंती रुळावरून बाहेर सरकल्या, आत हॉल झाला.
जेवणाच्या सुट्टीत वेल्डर पोरं डबे घेऊन आत गेली,
मी दोन महिने खपून बसवलेल्या टेबलाकडे
कुणी बघितलंसुद्धा नाही.
सगळे जमिनीवर, मांडी घालून, मधे ठेचा.
चपला बाहेर, फळीच्या पायरीवर, ओळीनं.
पायरीची रुंदी मी एका बुटासाठी धरली होती.

त्या रात्री उशीर झाला.
उतरताना बघितलं, भालेराव पुढच्या बिछान्यावर बसलेले,
खुंट्याच्या बरोब्बर वर,
गादीचं प्लॅस्टिक तसंच.
बावीस वर्षं त्यांनी चाकण ते चेन्नई नव्या मोटारी वाहिल्या.
"झोपा की," मी म्हटलं.
"दक्षिणेला पाय होतात."
"काका, हे घर उद्या दुसरीकडे असेल."
ते विचारात पडले.
"म्हणजे रोज संध्याकाळी दक्षिण हुडकायची?"
"आणि ट्रकात काय करायचात?"
"तिथं कोण दिशा बघतंय?
यमाला सांगायचं, सकाळी ये,
मी इथं नसतो."

घरी जाताना नाशिक फाट्यावर सिग्नलला थांबले,
बिछाना मनात चारदा फिरवला.
फिरत नाही. आडवा घातला तर भिंत आत सरकत नाही,
उलटा घातला तर डोकं कपाटाखाली येतं,
आणि सहा किलो पुढे जातात.

सकाळी लवकर आले. भालेराव निघून गेले होते.
गादीवर सुरकुती नाही.
खाली, सरकत्या भिंतींच्या मधल्या जागेत,
फ्रीजच्या खोक्याचा पुठ्ठा अंथरलेला, उशाला घडी घातलेलं पोतं.
पुठ्ठा तिरका होता.
ट्रेलरच्या कुठल्याच रेषेशी जुळत नव्हता,
शेडच्या भिंतीशीही नाही.
मी वाकले, मोबाइलमधलं होकायंत्र उघडलं,
पोत्याच्या दिशेनं धरलं.
नव्वद अंश. पूर्व.
एक अंश इकडे नाही की तिकडे नाही.